एक्सेल बोलतं, काटा बोलत नाही: पायथन आणि विंडोजचे कॉम घटक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. वेंगुर्ल्याजवळ तुमचा काजू कारखाना आहे. जुना संगणक पावसाळ्यात गेला आणि विंडोज ११ चा नवा आणलात. त्यावर नेहमीचं ६४-बिट पायथन आणि पायविन३२ (पायथनमधून विंडोजचे घटक वापरू देणारं पॅकेज) घालून तीन गोष्टी जोडायचा प्रयत्न केलात. पहिली, महिन्याच्या खरेदीच्या एक्सेल फाइली. दुसरी, शेतकऱ्यांच्या खात्यांची जुनी ॲक्सेस डेटाबेसची एमडीबी फाइल. तिसरी, वजनकाट्याबरोबर आलेली डीएलएल, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने आत घेऊन वापरायची कोडची फाइल. तिन्हींना तोच ‘डिस्पॅच’, म्हणजे नाव देऊन घटक मागवणारी पायविन३२ची आज्ञा, वापरलात. एक्सेल लगेच उघडलं. एमडीबीने ‘प्रोव्हायडर सापडत नाही’ असं सांगितलं आणि काट्याने ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’ म्हणून -२१४७२२११६४ हा आकडा तोंडावर फेकला. एकच ओळ एका ठिकाणी चालते आणि दोन ठिकाणी का चालत नाही, हे तुम्हाला हवंय.

सावंतवाडी ते रत्नागिरी या पट्ट्यात कारखाने, आढतदार आणि सहकारी संस्थांच्या संगणकांवर मी बरीच वर्षं हेच काम करतो. नवीन जोडणी दिसली की मी आधी एकच गोष्ट विचारतो: हा घटक राहतो कुठे? तुमच्या पायथनच्या घरात येऊन राहतो, की गडग्यापलीकडे स्वतःच्या घरात? पुढच्या बहुतेक अडचणी या उत्तरातूनच निघतात.

कॉम ही मायक्रोसॉफ्टची १९९३ पासूनची पद्धत. वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले प्रोग्रॅम एकमेकांच्या वस्तू वापरू शकावेत, हा तिचा हेतू. प्रत्येक घटकाला १२८ बिटांचा ओळख क्रमांक असतो आणि माणसांच्या सोयीसाठी ‘एक्सेल डॉट ॲप्लिकेशन’सारखं एक नाव असतं. तुम्ही नाव दिलंत की विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, क्रमांक शोधतं आणि त्या क्रमांकाखाली घटकाचा पत्ता पाहतं. पत्ता डीएलएलचा असेल, तर ती डीएलएल तुमच्याच प्रक्रियेत, म्हणजे चालू असलेल्या पायथनमध्ये, आणून बसवली जाते. पत्ता ईएक्सईचा असेल, तर तो प्रोग्रॅम वेगळा सुरू होतो आणि तुमचा प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर यांची ने-आण विंडोज करतं.

एक्सेल ही ईएक्सई आहे. ती ३२-बिट असो वा ६४-बिट, तुमच्या पायथनला फरक पडत नाही. म्हणून ती चालली. काट्याची डीएलएल मात्र तुमच्या घरात यायला हवी, आणि ६४-बिट प्रक्रियेत ३२-बिट डीएलएल बसत नाही. कोणत्याही सेटिंगने बसत नाही. एमडीबीचंही तेच. डेटाबेसशी बोलणाऱ्या ‘एडीओ’ची कनेक्शन वस्तू ६४-बिटमध्येही तयार होते, पण तिच्याखाली एमडीबी वाचायला लागणारा जेट ४.० प्रोव्हायडर फक्त ३२-बिटमध्येच आहे. म्हणून दोन्हीकडचे संदेश वेगळे दिसले तरी कारण एकच आहे.

तेव्हा डीएलएलची पुन्हा पुन्हा नोंदणी करत बसू नका. ६४-बिट पायथन राहू द्या आणि शेजारी ३२-बिट पायथन घाला. पायथनच्या संकेतस्थळावर दोन्ही इन्स्टॉलर असतात. पायविन३२ त्या ३२-बिटमध्येही वेगळं घालावं लागतं, हे इथे बरेच जण विसरतात. तुमच्या कारखान्याचा डेटा काही हजार ओळींचा आहे, म्हणून माझं मत असं की सगळं काम ३२-बिटमध्येच करा. एक्सेल तिथूनही बोलेल. दोन पायथन एकमेकांना फाइली देताहेत अशी रचना करता येते, पण कारखान्यात ती सांभाळायची कोणी, हा प्रश्न उरतो. ॲक्सेसचं ६४-बिट इंजिन घालून एमडीबी उघडायचाही मार्ग आहे. पण यंत्रावर ३२-बिट ऑफिस असेल तर त्याचा इन्स्टॉलर साधारणपणे अडून बसतो, आणि काटा तरीही उरतोच.

आता काट्याची नोंदणी. ३२-बिट डीएलएलसाठी विंडोजच्या ‘सिसवॉव६४’ फोल्डरमधला ‘रेगएसव्हीआर३२’ हा नोंदणीचा प्रोग्रॅम वापरा, तोही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड खिडकीतून. नावं उलटी वाटतात: ‘सिस्टिम३२’ मध्ये ६४-बिटचा माल असतो आणि ‘सिसवॉव६४’ मध्ये ३२-बिटचा. जुन्या प्रोग्रॅमांमध्ये ‘सिस्टिम३२’ हे नाव कोरलेलं होतं, म्हणून ते बदललं नाही. नोंदणी करण्याआधी डीएलएल तिच्या कायमच्या जागी ठेवा. नोंदणीत लिहिला जातो तो त्या क्षणाचा पत्ता. पेनड्राइव्हवरूनच नोंदणी केली, पेनड्राइव्ह काढला आणि दुसऱ्या दिवशी काटा बंद, असं मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं आहे.

एवढं करूनही नोंदणी नाकारली गेली, तर त्या डीएलएलला आणखी कशाची तरी गरज आहे. काट्यांचे जुने घटक बऱ्याचदा व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले असतात. त्याची मूळ रनटाइम विंडोज ११ मध्येही असते, पण सीरियल पोर्टसाठी वापरलं जाणारं ‘एमएसकॉम३२’ हे ओसीएक्स (डीएलएलसारखीच घटकाची फाइल) विंडोजबरोबर येत नाही. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क अजून वाचता येत असेल, तर काटा पुरवणाऱ्याच्या इन्स्टॉलरची सीडी किंवा फोल्डर तिथून शोधा आणि मूळ इन्स्टॉलरच चालवा. त्यात ही सोबतची फाइल असण्याची शक्यता जास्त.

इथे थांबून एक गोंधळ दूर करतो, कारण तुमच्या प्रश्नात तो दिसतो. काट्याच्या पुस्तिकेत ‘कॉम ३’ लिहिलंय म्हणून तुम्ही त्याला कॉम घटक म्हणालात. ते ‘कॉम’ म्हणजे सीरियल पोर्ट. त्याचा आणि आपण बोलतोय त्या कॉमचा काडीचाही संबंध नाही, नाव योगायोगाने एक आहे. आणि यातूनच तुमची मोठी सुटका होऊ शकते. तुमचा काटा आरएस-२३२, म्हणजे सीरियल पोर्टच्या, केबलने जोडलेला आहे. असे बहुतेक काटे वजन साध्या अक्षरांत, ओळीमागून ओळ पाठवत राहतात. पायसीरियल हे पॅकेज ते थेट वाचतं. बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक ओळखायची खूण) आणि ओळीचा नमुना पुस्तिकेत असतो. काट्यावर गोण ठेवा, दहा ओळी जशाच्या तशा छापून पाहा, वजन स्थिर झाल्याची खूण ओळीत कुठे येते ते ओळखा. ते जमलं तर डीएलएल कायमची सोडून द्या. जुन्या डीएलएलवर माझा राग नाही. पण जिचा लेखक आणि मूळ कोड दोन्ही हाती नाहीत ती वस्तू कारखान्याच्या तोंडाशी ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं. घरात राहणारी डीएलएल कोसळली तर तुमचा पायथनही तिच्याबरोबर जातो, आणि एप्रिलमध्ये दारात बी घेऊन टेम्पो उभे असताना ते परवडणारं नाही.

डीएलएलच ठेवावी लागली आणि ती ‘वजन आलं’ असा इव्हेंट, म्हणजे स्वतःहून सूचना, पाठवत असेल, तर ‘विथइव्हेंट्स’ने जोडा आणि चक्रात ‘पंपवेटिंगमेसेजेस’ला बोलावत राहा. ते नसेल तर इव्हेंट दाराशी येऊन थांबतो आणि तुमच्यापर्यंत पोचतच नाही. लोक इथे तासन् तास डीएलएलला दोष देतात.

एक्सेलकडे वळतो. ते लगेच उघडलं म्हणून सोपं वाटतंय, पण पुढे तुमचा जास्त वेळ तेच खाणार आहे.

एक्सेल पलीकडच्या घरात राहतं याचा पहिला परिणाम तुम्हाला लगेच दिसेल. तुमची स्क्रिप्ट ज्या फोल्डरमध्ये आहे तिथलीच फाइल नुसत्या नावाने उघडायला सांगितलीत, तर एक्सेल ती सापडत नाही म्हणतं. त्याचं चालू फोल्डर वेगळं आहे. पूर्ण पत्ता द्या.

दुसरा परिणाम वेगाचा. एकेक खण वाचणं म्हणजे दर वेळी गडग्यापर्यंत जाऊन येणं. ३००० पावत्या आणि आठ रकाने म्हणजे २४,००० फेऱ्या. त्याऐवजी पूर्ण रेंजची किंमत एकदाच मागा. टपलच्या (पायथनमधल्या यादीसारख्या संचाच्या) आत टपल असा सगळा तक्ता एका फेरीत येतो. लिहितानाही तसंच, पूर्ण तक्ता एकदाच सोपवा. फक्त रेंज एकाच खणाची असेल तर टपल न येता नुसती किंमत येते. एकच रकाना वाचणारी स्क्रिप्ट महिन्याची पहिलीच पावती असलेल्या दिवशी मोडते ती यामुळे. शेवटची भरलेली ओळ शोधायला तळापासून वर ‘एंड’ वापरा. त्याचा स्थिरांक -४१६२ आहे. ‘एन्शुअरडिस्पॅच’ वापरलंत तर हे स्थिरांक नावाने मिळतात.

‘एन्शुअरडिस्पॅच’ घटकाचं वर्णन वाचून पायथनचे वर्ग तयार करून ठेवतं. नावं कळतात आणि चुका लवकर सापडतात. पण त्याची एक अडचण अशी की ‘ऑफसेट’सारखे गुणधर्म नेहमीसारखे कंसात आकडे देऊन चालत नाहीत. चूक न दाखवता भलताच खण हाती येतो. तिथे ‘गेटऑफसेट’ आणि ‘गेटरिसाइझ’ वापरायचं. आणि एखाद्या सकाळी ‘क्लासआयडीटूक्लासमॅप’ नाही अशी तक्रार आली तर घाबरू नका. टेंप फोल्डरमधलं ‘जेन_पाय’ हे फोल्डर पुसा, ते पुन्हा तयार होतं.

तिसरा परिणाम सर्वांत त्रासदायक. पलीकडच्या घरातला दिवा तुम्ही निघून आलात म्हणून विझत नाही. रत्नागिरीतल्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात संध्याकाळचा अहवाल काढणारी स्क्रिप्ट मी लिहून दिली होती. काही आठवड्यांनी संगणक रांगायला लागला. टास्क मॅनेजर उघडला तर न दिसणाऱ्या एक्सेलांची रांग. स्क्रिप्ट ज्या ज्या दिवशी मध्येच अडली, त्या त्या दिवशीचं एक एक्सेल तसंच उघडं राहिलं होतं. ‘क्विट’ मी शेवटच्या ओळीत ठेवलं होतं, आणि अडलेली स्क्रिप्ट शेवटच्या ओळीपर्यंत जात नाही. ती चूक माझी होती. तेव्हापासून वर्कबुक बंद करणं आणि ‘क्विट’ या दोन्ही गोष्टी ‘फायनली’त, म्हणजे चूक झाली तरी चालणाऱ्या भागात, असतात, आणि ‘डिस्प्लेअलर्ट्स’ आधीच बंद असतं. नाहीतर न दिसणारं एक्सेल ‘बदल जतन करू का?’ असं न दिसणाऱ्या खिडकीत विचारत बसतं.

याच्या उलट धोकाही सांगतो. साधा ‘डिस्पॅच’ आधीपासून चालू असलेलं एक्सेल असेल तर तेच पकडतो. तुमचे मुनीम त्याच यंत्रावर हिशेब करत असतील, तर तुमचं ‘क्विट’ त्यांचं काम बंद करेल, आणि अलर्ट बंद असल्यामुळे न विचारता बंद करेल. म्हणून स्क्रिप्टसाठी कायम ‘डिस्पॅचएक्स’ वापरा, त्याने स्वतंत्र एक्सेल सुरू होतं. मुनिमांच्या उघड्या एक्सेलशीच बोलायचं असेल तर ‘गेटॲक्टिव्हऑब्जेक्ट’ आहे. पण स्क्रिप्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलीत तर तिला साध्या अधिकारात उघडलेलं एक्सेल दिसत नाही. आणि त्यांनी एखाद्या खणात टायपिंग अर्धवट ठेवलं असेल, तर -२१४७४१८१११ येतो: पलीकडच्याने हाक नाकारली. ही चूक नाही, तो माणूस कामात आहे. एक-दोन सेकंद थांबून पुन्हा विचारा, काही प्रयत्नांनंतर सोडून द्या.

आता आकडे. इथली चूक स्क्रिप्ट मोडत नाही, हिशेब मोडते, म्हणून जरा सावकाश वाचा.

खणाची ‘व्हॅल्यू’ मागितली तर तारीख पायथनच्या तारखेच्या रूपात येते, आणि तिला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हा टाइमझोन चिकटलेला असतो. वेळ मात्र एक्सेलमध्ये लिहिलेलीच, म्हणजे आपली. कोणी नीटनेटकेपणाने तिचं भारतीय वेळेत रूपांतर केलं की साडेपाच तास वाढतात आणि संध्याकाळी साडेसहानंतरची प्रत्येक पावती दुसऱ्या दिवसात जाते. देवगडकडच्या एका आंबा व्यापाऱ्याकडे वाशीला गेलेल्या पेट्या आणि आढतदाराची पट्टी दोन दिवस जुळेना, त्याचं कारण हेच निघालं. गाड्या रात्री भरल्या जात होत्या.

म्हणून मी ‘व्हॅल्यू२’ मागतो. त्यात तारीख नुसत्या दशांश आकड्यात येते, ३० डिसेंबर १८९९ पासूनचे दिवस, आणि रूपांतर माझ्या हातात राहतं. आणखी एक फायदा: चलन म्हणून सजवलेला खण ‘व्हॅल्यू’त डेसिमल होऊन येतो आणि साध्या दशांश आकड्याशी त्याची बेरीज पायथन नाकारतं. ‘व्हॅल्यू२’ मध्ये सगळे आकडे एकाच जातीचे. पण मग पावती क्रमांक १०१ हा १०१.० होऊन येतो, तो पूर्णांकात आणायला विसरू नका. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक जर आकडे म्हणून टाइप केले असतील, तर सुरुवातीची शून्यं आणि पंधराव्या अंकानंतरचे अंक एक्सेलमध्येच गेलेले आहेत. ते कुठल्याही कोडने परत येणार नाहीत, पासबुकं मागवावी लागतील.

सूत्र चुकलेला खण याहून वाईट. पडद्यावर ‘#एन/ए’ दिसतं, पण कॉममधून तुमच्याकडे येतं -२१४६८२६२४६. शून्याने भागलेल्या खणातून येतं -२१४६८२६२८१. हे निव्वळ पूर्णांक आहेत. किलोच्या रकान्याची बेरीज करताना त्यातला एक जरी आला तरी एकूण वजन उणे दोनशे चौदा कोटींच्या घरात जातं. ते निदान डोळ्यांत भरतं. पण ‘सर्वांत कमी भाव’ शोधणारी ओळ तोच आकडा मुकाट्याने उचलते. वाचलेल्या तक्त्यात असे आकडे आधी गाळा.

जातींच्या रकान्याकडेही बघा. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ चा मिश्र माल कोणी ‘४/७’ असा इंग्रजी अंकांत टाइप केला असेल, तर एक्सेलने त्याची ४ जुलै करून ठेवली असेल. तो रकाना मजकूर म्हणून ठरवून द्या.

रात्रीचा विषय थोडक्यात. स्क्रिप्ट टास्क शेड्युलरवर टाकून कोणी लॉगिन नसताना एक्सेल चालवायचा तुमचा बेत आहे. नको. माणूस समोर नसताना ऑफिस असं चालवू नये, त्याला आपला आधार नाही, हे मायक्रोसॉफ्टने स्वतःच लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे जूनमध्ये रात्री वीज जाते, यंत्र पुन्हा सुरू होतं, लॉगिन कोणी करत नाही, आणि एक्सेल अर्ध्यावर लटकतं. फक्त डेटा वाचायचा असेल आणि फाइल एक्सएलएसएक्स असेल तर एक्सेलची गरजच नाही. ओपनपायएक्सेल ती फाइल थेट वाचतं आणि ते रात्री निर्धास्त चालतं. एक्सेल तेव्हाच उठवा, जेव्हा त्याची सूत्रं, मॅक्रो किंवा छपाई हवी. हेच टॅलीलाही लागू: त्यासाठी कॉम शोधू नका, टॅली एचटीटीपीवर एक्सएमएलमध्ये बोलतं, साधारणपणे ९००० क्रमांकाच्या पोर्टवर.

थ्रेडबद्दल, म्हणजे एकाच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामांबद्दल, एवढंच: प्रत्येक थ्रेडमध्ये ‘कोइनिशियलाइझ’ वेगळं करावं लागतं, नाहीतर -२१४७२२१००८ येतो. एका थ्रेडमधली एक्सेलची वस्तू दुसऱ्यात तशीच वापरू नका. काटा एका थ्रेडमध्ये, एक्सेल दुसऱ्यात आणि मध्ये एक रांग, एवढी रचना तुम्हाला पुरेल. जुन्या व्हीबीस्क्रिप्टमध्येच हे काम सुरू ठेवावं का, असंही तुम्ही विचारलंत. ठेवू नका. व्हीबीस्क्रिप्ट विंडोजमधून टप्प्याटप्प्याने काढणार, हे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं आहे.

राहिली शेतकऱ्यांची नावं. पायथनमध्ये ती इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन येतात आणि कॉम मराठी बिघडवतं, असं तुम्ही लिहिलंत. कॉम काही बिघडवत नाही. त्याचा मजकूर यूटीएफ-१६ मध्ये जातो आणि देवनागरी त्यात व्यवस्थित बसते. तुमच्या फाइलीत देवनागरी नाहीच. त्या शिवाजी फाँटमध्ये टाइप केल्या आहेत. खणात खरोखर इंग्रजी अक्षरंच साठवलेली आहेत, फाँट त्यांना मराठी चेहरा देतो. कॉमने तुम्हाला खणातलं खरं ते दिलं.

रूपांतर करता येतं, पण ते फाँटनिहाय असतं. श्रीलिपीचा तक्ता शिवाजीला लागत नाही, कृतिदेवचा दोघांनाही नाही. म्हणून आधी प्रत्येक खणाच्या ‘फाँट’ वस्तूचं नाव विचारा आणि त्यानुसार तक्ता निवडा. एकाच रकान्यात तीन फाँट निघाले तर नवल वाटू देऊ नका. सगळ्या रेंजचं फाँट नाव एकदम विचारलंत आणि ते एकच असलं तर नाव येतं, मिसळ असेल तर काहीच येत नाही. ‘काहीच नाही’ आलं की तो भाग अर्धा करून पुन्हा विचारा, म्हणजे खणागणिक फेऱ्या वाचतात. रूपांतरात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर न्यावी लागते, आणि जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या नंतर. रफार याच्या उलट: टाइप केलेला असतो अक्षरानंतर, आणि युनिकोडमध्ये त्याचा ‘र्’ अक्षराच्या आधी येतो. ‘शिर्के’ आणि ‘मिस्त्री’ ही दोन नावं नीट आली की तक्ता बहुतेक बरोबर आहे असं मी धरतो.

तरी सगळी खाती एकदम बदलू नका. एमडीबीची आणि एक्सेल फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा, पहिली शंभर नावं जुनी आणि नवी शेजारी शेजारी कागदावर छापा आणि मुनिमांना वाचायला द्या. गावातलं कोण ‘गावडे’ आणि कोण ‘गवंडे’, हे त्यांना पाठ असतं. त्यांनी लाल खूण केलेली नावं आणि काट्याच्या त्या दहा ओळी मला पाठवा, पुढचं त्यावरून बघू.